रुईचं शेवटचं बोंड

फार वर्षांपूर्वी एका माळावर रुईची दाट झुडपं होती आणि त्यांच्या बोंडांत सोंडकिड्यांची वस्ती होती. मग माळावर नांगर फिरला. बांधावर एकच रुई उरली. तिला एकच हिरवं बोंड होतं. वस्तीतल्याही दोघीच उरल्या, म्हातारी गोदी आणि तिची नात भुरी.

भुरीची अंडी घालायची वेळ झाली. तिने बोंडाला सोंड लावली, तशी गोदी म्हणाली, "थांब पोरी. तुझी पिल्लं यातलं सगळं बी खातील."

"आजे, आपण सगळे असेच वाढलो ना?"

"वाढलो. पण तेव्हा आम्ही एक बोंड खायचो आणि शंभर बोंडांचा कापूस वाऱ्यावर उडायचा. दुपारी सगळा माळ पांढरा दिसायचा."

भुरीने सोंड काढून घेतली.

वैशाखात बोंड उकललं. कापसाळ बिया एकेक करून सुटल्या आणि बांधापलीकडे गेल्या. त्या दिसेनाशा होईपर्यंत गोदी बघत राहिली. त्याच आठवड्यात ती गेली.

दोन पावसाळ्यांनी ओढ्याकाठी रुई दाटली. भुरीने एका बोंडात अंडी घातली. पिल्लं बाहेर आली, तेव्हा तिने त्यांना आधी शेजारच्या बोंडातून उडणारा कापूस दाखवला.