घरं ओढणारा येन्स

फार वर्षांपूर्वी, वाऱ्याला आडवं यायला एक झाडसुद्धा नव्हतं तेव्हा, हॅलोवे काउंटीत घरं चालायची. माणसं बसल्या जागी बसलेली असायची आणि घरं चालायची. हसू नका. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही हसले होते, आणि सांगणाऱ्या व्हर्निताआजींनी माझ्या बशीतलं बिस्किट परत डब्यात टाकलं होतं.

काउंटी म्हणजे आपल्याकडचा तालुका समजा, अमेरिकेच्या अगदी पोटातला. पण तालुका म्हटल्यावर डोळ्यांपुढे एसटी स्टँड आला असेल, आठवड्याचा बाजार आला असेल, तर तो पुसून टाका. गवत ठेवा. वर आभाळ ठेवा. झाली काउंटी.

त्या गवतात लांबलांबच्या देशांतून माणसं राहायला आली. सरकारनं जमिनीवर पट्टी ठेवून चौकोन आखले होते, बुद्धिबळाच्या पटासारखे, आणि मागेल त्याला एक चौकोन फुकट दिला होता. आधी ती जमीन ज्यांची होती त्यांना कुणी विचारलं होतं का, असं मी व्हर्निताआजींना विचारलं. त्यांनी कॉफीत चमचा बराच वेळ फिरवला आणि म्हणाल्या, "नाही." मग पुढे सांगायला लागल्या.

तर चौकोन फुकट, पण फुकटाला अट ही असतेच. ज्याचा चौकोन त्यानं त्यावरच घर बांधायचं आणि तिथंच राहायचं. शेजाऱ्याच्या जमिनीवर बिऱ्हाड थाटलं तर चौकोन गेला. त्यामुळे आपल्यासारखं गाव तिथं वसलंच नाही. आपल्याकडे घरं एकमेकांना पाठी लावून बसतात आणि शेत लांब असतं. तिथं शेत दारात आणि माणूस लांब. एका घराचा धूर दुसऱ्या घराला दिसत नसे. म्हातारं माणूस तर औषधालाही नव्हतं, सगळे तरणे. आता बरोबर उलटं आहे, पण ते शेवटी येईल.

त्या काळात येन्स होता. डेन्मार्कचा, खांद्यानं रुंद आणि बोलायला कंजूष. त्याचा धंदा घरं ओढायचा. तिथली घरं लाकडाची, नुसती दगडांवर टेकवलेली. कुणाची विहीर आटली की नवी विहीर लागेल तिथं घर न्यायचं, कुणाच्या दारात ओढा शिरला की घर उंचावर न्यायचं. येन्स घराखाली दोन लांब वासे सरकवायचा, वाशांखाली गोल ओंडके घालायचा, पुढे बैल जुंपायचा आणि निघायचा.

त्याचा एकच नियम होता. चूल विझवायची नाही. दारात आला की नमस्कार नाही, पाणी नाही, पहिला प्रश्न, "चुलीवर काय आहे?" कुणी म्हणालं, "काही नाही," तर तो बैल सोडायचा आणि पायरीवर बसून राहायचा. "चूल विझलेलं घर जड होतं," एवढंच म्हणायचा.

येन्स घर ओढत असताना तापलेल्या दुधावरची साय फाटत नसे, असं म्हणतात. खुडूक कोंबडी अंड्यांवरून उठत नसे, असं म्हणतात. एकजण आत आरशापुढे दाढी करत होता, घर ओढा ओलांडून गेलं तरी त्याला वस्तरा लागला नाही, असंही म्हणतात. तो कुणाचा पूर्वज, यावरून तिथल्या दोन घराण्यांत अजून बोलणं बंद आहे.

येन्सला स्वतःचं घर नव्हतं. ज्याचं घर ओढायचा त्याच्याच खाली, दोन वाशांच्या मधे घोंगडी टाकून झोपायचा.

एका चौकोनात निल्स आणि त्याची नवी बायको सिग्रीड राहत होती. सिग्रीड नॉर्वेतल्या अशा गावची होती, की एका घरात कुणी शिंकलं तर तिसऱ्या घरातून "जपा हं" ऐकू यायचं. निल्सनं घर चौकोनाच्या अगदी मधोमध बांधलं होतं. राजा मधोमध राहतो, असं त्याचं म्हणणं. सिग्रीड आधी निल्सशी बोलायची. तो दिवसभर शेतात, म्हणून मग कोंबड्यांशी बोलायला लागली. मग कोंबड्यांशीही बोलेनाशी झाली. कोंबड्यांच्या ते लक्षात आलं, असं म्हणतात. निल्सच्या नाही.

मग तिला दिवस राहिले. बाळ हिवाळ्यात होणार होतं, आणि आदल्या हिवाळ्यात ओढ्यापलीकडे काय झालं ते तिला ठाऊक होतं. तिथल्या बाईला कळा सुरू झाल्या, नवरा मदत आणायला बर्फात बाहेर पडला आणि वाट चुकला. तो परत आला तेव्हा घरात हाकेला ओ द्यायला कुणी उरलं नव्हतं. ती बाई ओरडली असेलच. ऐकायला कान नव्हता, एवढंच.

शरदात येन्स बैल घेऊन वाटेनं चालला होता, तेव्हा सिग्रीडनं त्याला थांबवलं.

"आमचं घर हलवायचंय."

"कुठं?"

"हाक मारली तर ऐकू जाईल तिथं."

निल्स धावत आला. "वेड लागलंय का तुला? हद्दीबाहेर घर गेलं तर जमीन जाईल. मग बस हाका मारत!"

येन्सनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. "चुलीवर काय आहे?" त्यानं विचारलं.

"पाव भाजतोय."

सिग्रीडनं पाव बाहेर आणून पायरीवर ठेवला. चांगला गोल, ताटाएवढा. तिनं सुरीनं आधी तो उभा कापला, मग आडवा. चार तुकडे झाले, पण ते तिनं वेगळे केले नाहीत. मधे जिथं चौघांची टोकं एकमेकांना लागली होती तिथं बोट ठेवलं.

"हा तुकडा आपला. हा बर्थाचा. हा ॲम्ब्रोजचा. हा चौथा, इथं अजून कुणी आलेलं नाही. आता आपलं घर या टोकावर नेलं, तर ते आपल्याच जमिनीवर आहे ना?"

निल्स पावाकडे पाहत राहिला. कितीतरी महिन्यांत बायको इतकं बोलली नव्हती. "आणि मधोमध राहायचं ठरलं होतं त्याचं काय?" तो हळूच म्हणाला.

"हेच मधोमध आहे," येन्स म्हणाला. "तू पाव चुकीचा धरला होतास." आणि चौथा तुकडा उचलून त्यानं खाऊन टाकला.

तुमचंही घर टोकावर आणायचं का, असं निल्स दोन्ही शेजाऱ्यांना विचारून आला. बर्था पोरवडा असलेली विधवा, जर्मन, अर्ध्या काउंटीची बाळंतपणं तिनं केलेली. ती म्हणाली, "विचारतोस काय, उद्या न्या! फक्त पोरांना आत ठेवून न्या. बाहेर सोडलीत तर गोळा करण्यात हिवाळा जाईल."

ॲम्ब्रोज एकटा होता आणि हौसेनं एकटा होता. त्यानं दारसुद्धा पुरतं उघडलं नाही. "माणसांचा आवाज नको म्हणून मी इतक्या लांब आलो. आता तुमच्या बायकांच्या गप्पा ऐकायला घर ओढवून घेऊ? चालते व्हा!"

तेव्हा येन्सनं आधी सिग्रीडचं घर टोकावर आणलं. सिग्रीड आत कणीक मळत होती, पिठाचा कण सांडला नाही, असं म्हणतात. मग तो बर्थाचं घर आणायला गेला.

आणि त्या वर्षी बर्फ लवकर आलं.

भर दुपारी आभाळ जमिनीला टेकलं. पुढचा हात दिसेना. आणि त्याच दुपारी सिग्रीडला कळा सुरू झाल्या, दिवस भरायच्या आधीच. बर्थाचं घर वाटेत कुठंतरी होतं. निल्सनं कोट चढवला, तसा सिग्रीडनं त्याचा हात धरला.

"तू जायचं नाहीस. ओढ्यापलीकडच्या बाईचा नवराही असाच गेला होता."

"मग करू काय?"

"तो बिडाचा तवा घे आणि बडव. मी हाका मारते."

तिनं खिडकी उघडली आणि हाक मारली. महिनोन्‌महिने न वापरलेला आवाज, आधी नुसताच गंजासारखा खरवडला. मग मोकळा झाला. निल्स तवा बडवत होता, ती हाका मारत होती, आणि कळ आली की त्या हाकेला अशी धार यायची की वारासुद्धा बाजूला व्हायचा, असं म्हणतात.

तिकडे येन्सचे बैल वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले होते, पुढे जाईनात. येन्सनं घराखालून विचारलं, "चुलीवर काय आहे?"

"बटाट्याचं सूप!" बर्था आतून ओरडली.

"मग चालेल," येन्स म्हणाला. तेवढ्यात त्यानं कान टवकारले. तवा ऐकू आला. तव्यामागून हाक ऐकू आली.

बर्थानंही ऐकली. बाळंतिणीची हाक तिला झोपेतही ओळखू यायची. "पोरांनो," ती म्हणाली, "सगळ्यांनी या भिंतीला हात लावा. ढकला!"

आणि पोरांनी घर आतून ढकललं.

घर आतून ढकलता येत नाही. मलाही माहीत आहे. आमच्या ह्यांनी ही गोष्ट ऐकली तेव्हा कागद घेऊन, बाण काढून व्हर्निताआजींना ते समजावून दिलं. आजींनी सगळे बाण नीट पाहिले आणि म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही त्या पोरांना पाहिलेलं नाही."

घर हललं. ओंडके कुरकुरले, बैल पुढे झाले. त्याच वेळी ॲम्ब्रोज कंदील घेऊन संतापानं बाहेर पडला होता. "कोण बडवतंय ते भांडं? आज एकदा बघतोच!" आवाजाच्या रोखानं तरातरा चालत तो निघाला आणि जिथं कालपर्यंत घर नव्हतं तिथं एका घरावर आपटला. आत पोरं ओरडत होती, "ढकला! ढकला!" ॲम्ब्रोजनं जगातल्या सगळ्या माणसांना शिव्या दिल्या आणि खांदा लावला.

घर आलं ते थेट सिग्रीडच्या खिडकीला खिडकी लागेपर्यंत आलं. बर्था सुपाचं पातेलं घेऊन एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत उतरली. तिच्या पायाला बर्फ लागलं नाही, असं म्हणतात. अंधार पडायच्या आत मुलगी झाली. तिचं पहिलं रडणं भिंतीपलीकडे बर्थाच्या पोरांनी ऐकलं आणि बाहेर उभ्या ॲम्ब्रोजनं ऐकलं. "झालं," तो म्हणाला. "आता हा आवाज कायमचा." आणि तवा वाजायचा थांबला म्हणून निल्सचे आभार मानून आत चुलीपाशी बसला.

वादळ ओसरल्यावर पाहिलं, तर बैल दोन्ही घरांच्या आडोशाला उभे होते, जोखडासकट. येन्स नव्हता. घराखाली, दोन वाशांच्या मधे त्याची घोंगडी होती, नीट घडी घातलेली. सगळ्यांनी शोधलं, हाका मारल्या. बर्फ वितळल्यावरही काही सापडलं नाही.

मात्र बर्फ वितळलं तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. तिसऱ्या टोकावर ॲम्ब्रोजचं घर उभं होतं. ॲम्ब्रोज वाण्याकडे गेला होता, परत येऊन पाहतो तर जुन्या जागी नुसते दगड, आणि घर इथं. चुलीवर कॉफी उकळत होती, असं म्हणतात. "मी कुणाला सांगितलं नव्हतं," असं तो मरेपर्यंत सांगत राहिला. पण परत नेलंही नाही.

पुढे सगळ्या काउंटीनं घरं टोकांवर आणली. चार चौकोन जिथं भेटतात तिथं चार घरं. सिग्रीडच्या कोपऱ्यावर चौथं टोक मात्र लोकांनी बरीच वर्षं मोकळं ठेवलं. तो तुकडा येन्सनं खाल्ला होता ना, म्हणून.

आता हॅलोवे काउंटीत माणसांपेक्षा गाई जास्त आहेत, आणि माणसांत म्हातारी जास्त. पोरं शिकतात आणि शहरात जातात. शाळेच्या बसमध्ये ड्रायव्हर धरूनही गर्दी होत नाही. किराणा आणायला तासभर गाडी हाकावी लागते. दवाखाना आहे, त्याला डॉक्टर मिळेना, म्हणून तर आम्ही इथं आलो. चार घरांच्या कोपऱ्यावर बहुतेक ठिकाणी एकच दिवा लागतो. आमच्या कोपऱ्यावर दोन लागतात, एक आमचा आणि एक व्हर्निताआजींचा. त्या वादळात जन्मलेली मुलगी ही त्यांची आजी. आणि आमचं भाड्याचं घर चौथ्या टोकावर आहे.

कोपऱ्याकडच्या खिडकीला इथं कुणी पडदा लावत नाही. मी लावला होता, सासूबाईंनी दिलेला, मोरांचा. तो उतरेपर्यंत आजी रोज येऊन त्याच्याकडे पाहत बसल्या.

आणि नवं बिऱ्हाड आलं, की पहिल्या बर्फाच्या आधी सगळी काउंटी त्यांच्या दारी येते. आमच्याकडेही आली. कुणी वॉकर घेऊन, कुणी काठी टेकत, एकजण ऑक्सिजनची नळी नाकाला लावून. सगळ्यांनी हातमोजे काढले आणि आमच्या मागच्या भिंतीला हात लावून, शेजाऱ्याच्या दिशेनं, घर एकदा ढकललं. ढकलण्याआधी व्हर्निताआजींनी विचारलं, "चुलीवर काय आहे?"

"वरण," मी म्हणाले, आणि तेवढ्यात कुकरची शिटी झाली. सगळे दचकले. मग ऑक्सिजनवाले आजोबा समाधानानं म्हणाले, "हलकं आहे घर."

घर काँक्रीटच्या पायावर आहे आणि केसभरही हललेलं नाही, असं आमचे हे म्हणतात. त्यांचंही खरं असेल.

जानेवारीत मोठं बर्फ आलं. हे दवाखान्यात अडकले होते, घरात मी एकटी, आणि फोनही बंद पडला होता. मी फार बोलणारी नाही. पण त्या दिवशी खिडकी उघडली आणि वाऱ्यात तोंड घालून हाक मारली, "आजी!" मराठीतच, दुसरं काही सुचलं नाही.

पलीकडची खिडकी लगेच उघडली. "चुलीवर काय आहे?"

फोन सुरू झाल्यावर सासूबाईंनी पहिलं काय विचारलं असेल? तेच, जे त्या दर वेळी विचारतात. "अगं, तिथं शेजार किती लांब आहे?"

"हाकेच्या अंतरावर आहे, आई," मी म्हणाले. "आणि दर हिवाळ्यात थोडं कमी होतं, असं म्हणतात."