शालवनाची माती

पूर्वी पर्णवती नगरीत अरिंजय राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होता. वप्पक हे त्याचे नाव. नगरीच्या उत्तरेला एकेकाळी दिवसभर चालूनही न संपणारे शालवन होते. ते वाड्यांत, रथांत आणि नौकांत गेले. वप्पक अमात्य झाला तेव्हा नदीकाठचा एक तुकडा तेवढा उरला होता, आणि बाकीच्या वनाच्या जागी उघडी टेकडी. पाऊसही आता पूर्वीसारखा रेंगाळत नसे. यायचा, टेकडीवरची माती घेऊन नदीत उतरायचा आणि मोकळा व्हायचा.

अरिंजय वाईट राजा नव्हता. वाईट राजे निदान ओळखू तरी येतात. हा सर्वांचे शांतपणे ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा आणि त्यातले सोयीचे तेवढेच लक्षात ठेवायचा. त्याच्या मनाने नव्या सभागृहाचा ध्यास घेतला होता, आणि सभागृहाला खांब हवे होते.

"उरलेले वन तोडू नका, महाराज," वप्पक म्हणाला. "ते पुन्हा उगवायचे नाही."

"झाडेच ना? नवी लावू," राजा म्हणाला. "पण तुझ्या शब्दाखातर आधी पाहू. वनातली रोपे टेकडीवर लावा. ती जगली, तर जुने वन तोडायचे. मेली, तर तुझे खरे. मग मी वनाला हात लावणार नाही."

हे वचन भरसभेत दिले गेले. वप्पकाला त्या दिवशी बरेच हायसे वाटले, कारण टेकडी त्याने पाहिलेली होती.

रोपे लावण्याचे काम नंदक उद्यानपालाकडे आले. हा नंदक मोठा नेमाचा माणूस. त्या नगरीत अशी रीत होती, की बाहेरची कोणतीही वस्तू मंगल पुष्करिणीत धुतल्याशिवाय राजभूमीत आणायची नाही. मग तो हत्ती असो, सून असो की धान्याचे पोते. राजवाड्यात पोहोचेपर्यंत पोत्यातल्या धान्याला कधीकधी मोड फुटत, पण रीत काही मोडत नसे. टेकडीही राजभूमीच. नंदकाने शालाची कोवळी रोपे वनातून उपटली, पुष्करिणीच्या पायरीवर बसून एकेकाची मुळे चोळूनचोळून धुतली, रानातला मातीचा कण म्हणून राहू दिला नाही, आणि मगच ती टेकडीवर लावली. रोज कावडीने पाणी घातले. रोपे थोडे दिवस उभी राहिली, मग पिवळी पडली, आणि थंडी सुरू व्हायच्या आत त्यांच्या काड्या झाल्या.

आता वन वाचले, असे वप्पकाला वाटले. पण राजाच्या कानाशी लागणारे दरबारात कमी नव्हते. वनासाठी जीव टाकणाऱ्या कुणीतरी नंदकाला फितवले आणि त्याने रोपे मुद्दाम मारली, असे त्यांनी राजाच्या मनात भरवले. राजाला ते पटले, कारण ते सोयीचे होते: भरसभेत दिलेले वचन मोडता येत नव्हते, पण राग काढायला माणूस तरी मिळाला. त्याने नंदकाला बंदीत घातले आणि पौर्णिमेला त्याचा शिरच्छेद करण्याची आज्ञा दिली.

वप्पक बंदीगृहात गेला तेव्हा नंदक गुडघ्यांत डोके घालून बसला होता.

"काय चुकलं माझं, अमात्य?" तो म्हणाला. "पोटच्या लेकराला न्हाऊ घालावं तशी एकेक मुळी न्हाऊ घातली हो मी. पाण्याचा एक दिवस खाडा नाही केला. तरी गेली."

वप्पक तिथून थेट टेकडीवर गेला. त्याने एक वाळके रोप उपटले. मुळे धुतलेल्या तांदळासारखी स्वच्छ होती. मग तो शालवनात गेला, एका म्हाताऱ्या झाडाखाली बसला आणि तिथल्या एका रोपाभोवतीचा पाचोळा हाताने बाजूला करू लागला. खाली काळी, भुसभुशीत, ओलसर वासाची माती होती. तिच्यात गांडुळे वळवळत होती, आणि बुरशीचे पांढरे तंतू पसरले होते. रोपाच्या प्रत्येक मुळीला त्या तंतूंचा वेढा होता. त्यांतलाच एक धागा शेजारच्या रोपाकडे गेला होता, दुसरा थेट म्हाताऱ्या झाडाच्या मुळाशी. रोपाची मुळी तोकडी होती. लांबचे पाणी तिच्यापर्यंत आणत होते ते हे तंतू, आणि त्यांना पोसत होते ते म्हातारे झाड. नंदकाने मळ म्हणून जे धुऊन टाकले, त्याच्यावरच रोपे जगत होती.

वप्पकाने पाचोळा पुन्हा रोपाभोवती सारला. हे आता त्याला एकट्यालाच ठाऊक होते. तो गप्प राहिला, तर राजा वचनात अडकून वनाला हात लावणार नव्हता. नदी, पाखरे, काठावरची गावे, सगळे वाचत होते. फक्त नंदकाची मान जाणार होती. आणि बोलला, तर राजाला रोपे जगवायची युक्ती कळणार होती. असे दुःख त्याला आयुष्यात कधी झाले नव्हते. एक माणूस आणि एवढे वन, असा विचार त्याच्या मनात आला, आणि आला म्हणून त्याला स्वतःची शरम वाटली. तो उठला आणि राजवाड्याकडे निघाला.

"महाराज, नंदक निर्दोष आहे," त्याने सांगितले, आणि मुळांचे, मातीचे, तंतूंचे सगळे सांगितले. "पण पुढचेही ऐका. हे तंतू जुन्या झाडांच्या जिवावर जगतात. जुनी झाडे गेली, की ते उपाशी मरतात. मग ती नुसती धूळ. तिच्यात शाल उगवत नाही."

राजाने शांतपणे ऐकून घेतले, मान डोलावली, आणि नंदकाला त्याच दिवशी सोडून दिले.

पुढच्या पावसात वनातली माती टोपल्या भरभरून टेकडीवर गेली. रोपे न धुता, मातीच्या गड्ड्यासकट लावली. राजासाठी रीत तेवढ्यापुरती मोडली गेली. रोपांना तांबूस पालवी फुटली, आणि राजा ती पाहायला स्वतः आला.

"जगली की!" तो आनंदाने म्हणाला. "वप्पका, तुझे उपकार."

वप्पकाने त्याचे पाय धरले. पुढचे अर्धे पुन्हा सांगितले, सभेत सांगितले, एकांतात सांगितले. राजाने प्रत्येक वेळी मान डोलावली. दसरा झाला आणि वनात कुऱ्हाडी शिरल्या. सभागृह उभे राहिले, आणि ते सुंदर होते हेही खरे.

उन्हाळ्यात नदीकाठची उघडी पडलेली माती भाजून निघाली. गांडुळे खोल गेली आणि तिथेच मेली. टेकडीवरची रोपे आणखी एक पावसाळा तगली, मग एकेक करून माना टाकू लागली. नंदक रिकामी टोपली घेऊन वप्पकाकडे आला.

"अमात्य, रोपांना माती हवी. कुठनं आणू?"

नंदकाने टोपली खाली ठेवली.

"माझ्या एका मानेपायी हे झालं," तो म्हणाला. "मला मरू द्यायचं होतं तुम्ही."

"वन जाणार हे मला दिसत होते, नंदका," वप्पक म्हणाला. "तरी बोललो. आजही बोललो असतो." आणि मग दोघेही रडले, कारण करण्यासारखे दुसरे काही उरले नव्हते. वप्पक म्हातारपणापर्यंत त्या टेकडीवर पाणी घालत राहिला. तिथे काहीही उगवले नाही.

ही कथा बुद्धत्व पावलेल्या शास्त्यांनी उत्तिय नावाच्या भिक्खूला सांगितली. खरे बोलून हाती काहीच येत नसेल तर ते का बोलावे, असे त्याने विचारले होते. कथा संपल्यावर ते म्हणाले, "त्या वेळचा राजा म्हणजे आज विहाराला लाकूड दान करणारा वच्छक श्रेष्ठी. नंदक तूच होतास, उत्तिया. आणि अमात्य मी."

उत्तियाचा हात नकळत आपल्या मानेकडे गेला. मग त्याने विचारले, "भंते, आणि ते वन? ते आज कोण आहे?"

"ते पुन्हा जन्माला आले नाही," शास्ता म्हणाले.

त्या जन्मी बोधिसत्त्वाने बुद्धत्वाकडे नेणारी सत्याची पारमिता पूर्ण केली.