शिंपिणीचं हळदी घर

फार मागची गोष्ट. झाडं तेव्हा बोलायची, पण पाखरं ऐकायची नाहीत. गोदी नावाची एक शिंपीण होती, पानं शिवून घरटं करणारं इवलंसं पाखरू. तिचं पहिलंच बाळंतपण, आज-उद्या अंडी घालायची. पौषातलं सागाचं पान बघून ती हरखलीच. सुपाएवढं, वर हळदीचा रंग!

साग म्हणाला, "पोरी, माझी पानं आता पिकली. त्या लिंबोणीकडे जा, ती बारा महिने हिरवी."

"तिचं पान बोटभर, वर काटे! जागा द्यायची नाही तर तसं सांगा ना, मामा!"

"मग शीव बाई."

गोदीनं चोचीची सुई केली, कोळ्याचं सूत ओढलं, पान दुमडून शिवलं, आत कापूस अंथरला. हौसेनं आत जाऊन बसते तोच वारा सुटला, आणि पान गोदीसकट गरगरत खाली!

कापसानं माखलेली गोदी बाहेर आली. "हसू नका, मामा!"

"मी कुठं हसतोय? वाळकी पानं वाजतात माझी."

गोदी कापूस झटकून लिंबोणीकडे गेली. तीन पानं जोडता जोडता काटे टोचले, पण त्याच काट्यांपायी मांजर फिरकलं नाही. अंडी उबवली, पिलं उडाली.

आषाढात साग हिरवागार झाला. "ये गं गोदे, आता खुशाल शीव."

गोदीनं पान दुमडून पाहिलं, ओढून पाहिलं. "शिवते मामा. पण आधी सांगा, पिकणार कधी?"

"पौषात."

"मग काही हरकत नाही. तोवर माझी पोरं तुमच्याच शेंड्यावर बसून तुम्हाला शिट्या मारतील!"