समुद्राकाठची चौकी

डोंगरांचं एक राज्य होतं. तिथल्या वाटा इतक्या उभ्या आणि अरुंद, की घोड्याचा पाय ठरत नसे. म्हणून राजाचे निरोप माणसंच नेत. गडापासून समुद्रापर्यंत तीनशे चौक्या होत्या, दर दोनशे पावलांवर एक. शिंग वाजलं की चौकीवरचा जासूद निरोपाची थैली हातात घ्यायचा आणि जीव खाऊन पुढच्या चौकीपर्यंत पळायचा. तिथं दुसरा तयार असायचा. सकाळी गडावरून निघालेला निरोप दुपारच्या जेवणाआधी समुद्रावर पोचायचा आणि तिकडचा निरोप तसाच उलटा गडावर यायचा.

या कामाला तेरा ते पंधरा वर्षांची पोरंपोरी निवडत. दर दसऱ्याला गडाखालच्या माळावर चाचणी होई. दोनशे पावलांच्या सरळ वाटेच्या शेवटी तांब्याची एक घागर टांगलेली असे. तिच्या बुडाला बारीक भोक, भोकात बोळा. मूल पळायला लागलं की बोळा काढायचा आणि ते पोचेपर्यंत थेंब मोजायचे. बत्तीस थेंबांत पोचला तो जासूद झाला. तेहतीस पडले तर त्यानं पुढच्या वर्षी यायचं.

जासुदानं पाच वर्षं चौकी सोडायची नाही असा नियम होता. आणि निरोपाच्या वाटेवर जासुदांखेरीज कुणी पाऊल टाकायचं नाही, असा दुसरा. समुद्राकडे जायला तेवढी एकच वाट होती.

गडाखालच्या गावात सगुणा नावाची मुलगी राहायची. ती दहा वर्षांची असताना तिची थोरली बहीण गोदा जासूद झाली आणि तिला सगळ्यात शेवटची, समुद्राकाठची, दोन जासुदांची चौकी मिळाली. गोदा गेल्यावर सगुणाची वेणी आई घालू लागली. आई घट्ट घालायची. गोदा सैल घालायची आणि घालताना काहीबाही सांगत बसायची. सगुणानं समुद्र कधी पाहिला नव्हता. पश्चिमेकडून वारा आला की ती अंगणात थांबायची आणि डोळे मिटून उभी राहायची. आई हाक मारायची, तरी तिला ऐकू जायचं नाही.

तेरावं लागलं तशी ती माळावर जाऊ लागली. तिथं मुलांना शिकवायला एक वस्ताद होते. ते स्वतः कधीकाळी जासूद होते. त्यांची शिकवण पोरांना फार सोपी वाटायची, म्हणून आवडायची नाही.

ते म्हणायचे, "आठवड्यातून तीन दिवस जोरात पळायचं, तेही सहाच वेळा. दोन धावांच्या मध्ये श्वास खाली बसेपर्यंत चिंचेखाली बसायचं. बाकीचे दिवस खेळा, डोहात पोहा, पोटभर जेवा आणि लवकर झोपा."

"पण वस्ताद, रोज पळालं तर लवकर जमेल ना?" सगुणानं विचारलं.

"तुझं अंग अजून वाढतंय, पोरी. त्याला एक काम आधीच आहे."

पहिल्या दसऱ्याला सगुणाचे अडतीस थेंब पडले. मग वर्षभरात ती एकदम उंच झाली. पाय लांब झाले आणि तिला ते स्वतःचे वाटेनात. कधी छत्तीस थेंब पडायचे, कधी पुन्हा अडतीस. तिच्या बरोबरीची मैना मात्र शांतपणे पस्तिसावर आली, मग चौतिसावर. श्रावण येईपर्यंत सगुणाही चौतिसावर आली.

"चांगलं चाललंय. आहे तसंच चालू दे," वस्ताद म्हणाले.

जासुदांची एक जुनी रीत होती. राजाचा निरोप देताना ते एकमेकांच्या कानात एखादा घरचा शब्द सांगत आणि तो शब्द थैलीबरोबर पुढं जाई. श्रावणातल्या एका दुपारी गडावर थैली पोचवून परतताना पहिल्या चौकीवरचा जासूद सगुणाच्या दारात आला. तीनशे तोंडांतून आलेला शब्द त्यानं जपून सांगितला.

"तुझ्या ताईनं विचारलंय, 'माझ्या चौकीत जागा होतेय. येतेस ना?'"

सगुणा एकच शब्द म्हणाली, "येते."

तो गेल्यावर ती पायरीवर बसून हिशोब करू लागली. गोदाची चार वर्षं दसऱ्याला पुरी होत होती. या वर्षी निवड झाली तर एक वर्ष दोघींना एका चौकीत राहता येणार होतं. पुढच्या वर्षी झाली, तर गोदा तिथून निघालेली असणार. म्हणजे हाच दसरा. दोन थेंब कमी करायचे होते आणि हातात दोन महिने होते.

दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे उठून माळामागच्या पांदीत, शेतांमधल्या अरुंद वाटेवर, पळू लागली. विश्रांतीच्या दिवशीही पळायची आणि वस्तादांकडे पळून झाल्यावर पुन्हा पळायची. पंधरा दिवसांत चौतिसाचे तेहतीस झाले. तिला आकाश ठेंगणं झालं. आपल्याला कळलं ते वस्तादांना कळलं नाही, असंही तिला क्षणभर वाटून गेलं.

भाद्रपदात उजव्या नडगीत दुखायला लागलं. आधी फक्त पळताना दुखायचं, मग चालताना, मग झोपेतून उठल्यावरही. हाडावर एका जागी बोट ठेवलं की डोळ्यांत पाणी यायचं. ती निर्गुडीचा पाला ठेचून बांधायची आणि वर परकर ओढून घ्यायची.

आईनं एकदा विचारलं, "लंगडतेस का गं?"

"काटा मोडला होता."

दसऱ्याच्या सकाळी माळावर सगळा गाव जमला. मैना पळाली. मोजणाऱ्या बाईनं मोठ्यानं सांगितलं, "बत्तीस!" मैनाच्या बापानं तिला खांद्यावरच घेतलं. समुद्राकाठच्या जागेसाठी आता मैना आणि सगुणा दोघींची नावं होती. पण जिचे थेंब कमी तिला जागा, म्हणून सगुणानं तीस-एकतीस केले, तर ती तिची होती.

सगुणा ओळीवर येत असताना वस्तादांनी तिचं चालणं पाहिलं. ते जवळ आले आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, "उजवा पाय दुखतोय का? खरं सांग."

सगुणानं पश्चिमेकडे पाहिलं. "नाही दुखत," ती म्हणाली.

वस्ताद तिच्याकडे बघत राहिले. मग बाजूला झाले.

ती सुटली तेव्हा लोकांचा श्वास अडकला. इतकं कुणी कधी पळालं नव्हतं. शंभर पावलं गेली, दीडशे गेली. बाई मोजत होती, "एकवीस, बावीस, तेवीस..." आणि वाळकी काठी मोडावी तसा आवाज झाला. तो ओळीपाशी उभ्या असलेल्यांनाही ऐकू आला. सगुणा तोंडावर पडली. घागर ठिबकत राहिली. बाई मोजायची थांबली होती.

हाडवैद्यानं बांबूच्या कांबट्या लावून पाय बांधला. "दोन महिने जमिनीला टेकवायचा नाही," तो म्हणाला.

संध्याकाळी वस्ताद आले आणि खाटेजवळ बसले. सगुणानं त्यांना पहाटेच्या पांदीपासून सगळं सांगितलं.

"सकाळी मला सांगितलं असतंस, तर दिवाळी उलटल्यावर तुझी एकटीची चाचणी घेतली असती," ते म्हणाले. "दुखऱ्या पायाच्या पोरासाठी जागा दोन महिने राखायचा अधिकार मला आहे. पाय दुखत नाही म्हटल्यावर कुणासाठी राखू?"

"मग माझे बत्तीस झाले असते?"

वस्तादांनी कांबट्यांवरची गाठ चाचपली. "ते मलाही सांगता येत नाही, पोरी. पण तू आज उभी तरी असतीस. आणि माझंही चुकलंच. मला दिसत होतं, तरी मी तुझ्या शब्दावर सोडलं. मी तुला थांबवायला हवं होतं."

तिसऱ्या दिवशी मैना समुद्राकडे निघाली. जाण्याआधी भेटायला आली.

"ताईला सांग..." सगुणा म्हणाली आणि तिथंच थांबली. मग म्हणाली, "तिची वेणी घालशील का कधी? तिला स्वतःची नीट घालता येत नाही."

मैनानं होकाराची मान हलवली आणि ती गेली.

तो हिवाळा सगुणानं खिडकीशी काढला. शिंग वाजलं की ती कान टवकारायची. पाय बरा झाला तसं वस्तादांनी तिला आधी चालायला लावलं, मग पाण्यात पाय मारायला. होळीनंतर हळू पळायला. उन्हाळ्यात तिनं पहिल्यांदा घागरीपर्यंत पळून पाहिलं, तर एकेचाळीस थेंब. ती रडली, पण दुसऱ्या दिवशी विश्रांती होती, म्हणून डोहावर पोहायला गेली. पाय जरा कुरकुरला तरी ती आपण होऊन सांगायची आणि वस्ताद तिला बसवून ठेवायचे. माळावरच्या लहान पोरी पळत आणि ती चिंचेखाली बसून बघत राही. कधी कधी सगळा आठवडा असाच जाई. दिवस जात होते आणि गोदाचं शेवटचं वर्ष संपत होतं. ते तिला रोज आठवायचं. तरी ती पांदीत गेली नाही.

पंधराव्या वर्षीच्या दसऱ्याला ती शेवटची चाचणी पळाली. बाईनं मोजलं आणि जरा थांबून, खात्री करून सांगितलं, "एकतीस."

लोक ओरडले. आई रडली. सगुणाला एकशे दहावी चौकी मिळाली, घाटाच्या मधोमध, करवंदीच्या जाळीत. तिथून समुद्र दिसत नव्हता.

ती चौकीवर रुजू होऊन चारच दिवस झाले होते. दुपारी खालच्या वाटेनं एक बाई सावकाश चढत आली. काळवंडलेली, पाठीवर गाठोडं, केस खाऱ्या वाऱ्यानं राठ झालेले. ती चौकीपाशी थांबली आणि सगुणाकडे नुसतं बघू लागली. तिला ओळख पटत नव्हती.

"ताई, मी," सगुणा म्हणाली.

"अगं बाई!" गोदानं गाठोडं तिथंच टाकलं. "केवढी झालीस! मी तर एक लहान पोरगी शोधत होते."

गोदाची पाच वर्षं भरली होती आणि ती घरी निघाली होती. सगुणाची पाच वर्षं आता सुरू झाली होती. अंधाराआधी गोदाला पुढचा मुक्काम गाठायचा होता. एक दुपार तेवढी दोघींची होती. त्यांनी भाकरी खाल्ली. सगुणानं समुद्राबद्दल विचारलं, गोदानं आईबद्दल. दोघींनी एकमेकींना पुरतं उत्तर दिलं नाही, कारण मध्येच दुसरी काहीतरी विचारायची.

आणि शिंग वाजलं.

सगुणा उठली. खालून आलेल्या जासुदाच्या हातातून तिनं थैली घेतली आणि ती सुटली. करवंदीच्या जाळीवरून पाखरं उडाली. गोदा दगडावर उभी राहून बघत होती. थैली पुढच्या हातात देऊन सगुणा चालत परत आली आणि बसून नडगीवरून हात फिरवू लागली. गोदाचे डोळे भरले होते.

"काय झालं, ताई?"

"काही नाही. तुझ्या मागं बसून एकदा वेणी घालते. मग निघते."

उन्हं कलेपर्यंत ती घालत बसली. मग गाठोडं उचलून वर निघाली. सगुणाला चौकी सोडून तिच्यामागं चार पावलंही जाता येत नव्हतं. ती उभी राहिली आणि वळणाआड ताईचं लुगडं दिसेनासं झालं तरी उभीच राहिली.

तात्पर्य एवढंच: ओढ कितीही खरी असली, तरी वाढत्या अंगाला त्याचा वेळ द्यावा लागतो; आणि दुखणं वेळेवर सांगितलं, तर थोडंच थांबावं लागतं.