धुराचा वर्ग

सागाच्या एका जंगलात एक मुंगूस राहत असे. शाळेच्या शेवटच्या वर्षाला पोचलेले, अभ्यासू, आणि मोठ्यांनी सांगितलेला शब्द खाली पडू न देणारे. मुलांनो, असा एखादा विद्यार्थी तुमच्याही वर्गात असेल. बाई बाकीच्यांना रागावताना त्याचेच नाव घेतात. घरी मुंगसाची आई होती आणि नुकतीच चालू लागलेली एक धाकटी बहीण होती. ही धाकटी संध्याकाळी दादा घरी आला की आज काय शिकलास म्हणून त्याला भंडावून सोडायची, आणि तोही न कंटाळता सगळे सांगायचा.

जंगलाच्या शाळेत तीन वर्ग भरत. घूसबाई खणायला शिकवत, खारबाई झाडावर चढायला शिकवत, आणि पाणमांजर गुरुजी ओढ्यात श्वास रोखून बुडी मारायला शिकवत. तिघेही आपापल्या विषयात पक्के होते. फक्त एकमेकांशी त्यांचे पटत नव्हते. तीन तिगाडा, काम बिघाडा म्हणतात ते काही खोटे नाही. त्यांनी शाळेला एक नियम घालून दिला होता. एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाताना पोरांनी वाटेतल्या गवतावर अंग घासून यायचे. घूसबाईंची माती ओढ्यात पडलेली गुरुजींना खपत नसे आणि ओढ्याचे पाणी आपल्या झाडाला लागलेले खारबाईंना खपत नसे. पोरे बिचारी दिवसभर अंग घासत फिरत.

एकदा झाडावर चढताना मुंगसाचा पाय सटकला. पडता पडता त्याने घूसबाईंनी शिकवल्याप्रमाणे पुढची नखे सालीत खोल रुतवली आणि ते वाचले. आपल्याला काहीतरी नवेच सापडले असे वाटून ते मनातून हरखले. पण खारबाईंनी त्याला खाली उतरवून सगळ्यांसमोर उभे केले.

"ही खणायची रीत झाली," त्या म्हणाल्या. "ती तिकडे ठेवून यायची. माझ्या झाडावर माझीच रीत चालेल."

पोरे फिदीफिदी हसली. मुंगूस शरमेने अर्धे झाले. त्या दिवशी त्याने मनाशी गाठ बांधली, की जे जिथे शिकलो ते तिथेच सोडून यायचे. पुढे त्याच्या हातून अशी चूक कधी झाली नाही. तिन्ही वर्गांत ते पहिले येऊ लागले. आई शेजारपाजारच्या बिळांत जाऊन कौतुक सांगू लागली.

मग उन्हाळा लागला आणि एका दुपारी डोंगरापलीकडून वणवा आला. आई भक्ष्य शोधायला दूर गेली होती. मुंगूस धावत घरी पोचले तोवर उतारावरचे गवत जळून गेले होते, आणि एक धुमसती फांदी बिळाच्या तोंडाशी पडून सगळा धूर आत चालला होता. आत धाकटी होती.

"दादा, मला काही दिसत नाही," ती आतून म्हणाली. "मला ने ना."

मुंगसाने फांदी ओढून बाजूला केली आणि आत तोंड घातले. लगेच ठसका लागून ते मागे फिरले. पुन्हा तोंड घातले, पुन्हा ठसका. बीळ काही फार लांब नव्हते. ओढ्यात ते एका बुडीत याच्या दुप्पट अंतर सहज जात असे. पण इथे पाणी कुठे होते? मुंगसाने शिकलेले सगळे धडे भराभर आठवून पाहिले. खणण्याचे आठवले, चढण्याचे आठवले, बुडीचे आठवले. धुराचा धडा कुणी दिलाच नव्हता.

"तू थांब," ते बहिणीला म्हणाले. "मी गुरुजींना विचारून येतो."

आणि ते ओढ्याकडे पळत सुटले. जीव खाऊन पळाले, याबद्दल कुणी त्याला नावे ठेवू नयेत. पाणमांजर गुरुजी ओढ्यातच होते. त्यांनी सगळे ऐकले आणि ते कपाळावर हात मारून म्हणाले, "अरे, मग श्वास रोखून आत जायचंस ना. तू तर त्यात पहिला."

मुंगूस त्यांच्याकडे बघतच राहिले. "तो तर पाण्यातला ना, गुरुजी?"

मुंगूस तसेच माघारी पळाले, श्वास रोखून बिळात शिरले आणि धाकटीला तोंडात धरून बाहेर आले. इतके सोपे होते ते. ठसकासुद्धा लागला नाही. पण धाकटी हलत नव्हती. मुंगसाने तिला चाटले, हाका मारल्या, आज काय काय शिकलो तेही सांगायला सुरुवात केली. आई आली तेव्हा ते सांगतच होते.

आईने बराच वेळ धाकटीला जवळ धरले. मग तिने एकच विचारले, "तू आधीच आत का नाही गेलास रे?"

त्यानंतर मुंगसाला दुसरे काही सुचेना. बिळाची मागची बाजू भुसभुशीत मातीची होती; तिकडून खणले असते तरी धूर निघून गेला असता. हेही त्याला येत होते. जणू तीन वर्गांत तीन हुशार मुंगसे शिकत होती आणि बिळाच्या तोंडाशी उभे राहिले ते चौथेच, ज्याला काहीच येत नव्हते. त्याला स्वतःचा इतका तिटकारा आला की खाणेपिणेही नकोसे झाले.

बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तशी मग गुरुजनांची बैठक बसली. पोरांना धुराचे शिक्षण नाही, ही मोठीच उणीव आहे, यावर तिघांचे आयुष्यात पहिल्यांदा एकमत झाले. चौथा वर्ग उघडायचे ठरले. वणव्यातून वाचलेल्या एका म्हाताऱ्या रानडुकराला धुराचे गुरुजी नेमले. मुंगसाने धीर करून सांगून पाहिले, की श्वास तोच आहे, वेगळा वर्ग नको, आहेत त्या वर्गांमधली दारे तेवढी उघडा. सगळ्यांनी हळहळून माना हलवल्या. दुःखाने बरळतंय बिचारं, असे घूसबाई हळूच म्हणाल्या. पाणमांजर गुरुजी काहीतरी बोलतील म्हणून मुंगसाने त्यांच्याकडे पाहिले, पण ते पाण्याकडे बघत बसले होते.

धुराच्या वर्गाचा पहिला धडा होता श्वास रोखण्याचा आणि दुसरा होता मागून खणण्याचा. परीक्षेत मुंगूस पहिले आले. रानडुकराने त्याची पाठ थोपटली, पोरांनी जल्लोष केला, आणि मुंगूस मान खाली घालून उभे राहिले. कारण त्यातले एक अक्षरही त्याला नवे नव्हते.

तात्पर्य : पाण्यातला श्वास वेगळा आणि धुरातला वेगळा असे जो शिकवतो, आणि ते जो निमूटपणे मानतो, त्या दोघांचीही विद्या वेळेवर कुणाच्या कामी येत नाही.