सारसमहाल

त्या राज्यात राजा उरला नव्हता, राजवाडा मात्र होता. राजा कोण होता, कशाने गेला, त्याच्यामागे कोण राहिलं, हे कुणाला धड सांगता येत नसे. पण दिवाणखान्याच्या छताला वर्ख कुठला आणि झुंबरांचे लोलक कुठून आणले, हे तिथल्या चिमण्यांनाही तोंडपाठ होतं. राज्य पाखरांचं होतं. कुणाचं घरटं वाऱ्याने उडून जावो की कुणाची अंडी साप खावो, सांत्वनाला येणारे एकच उपाय सांगत: "एकदा राजवाडा बघून या. बरं वाटेल."

वेणा नावाच्या सारसीलाही तो सांगितला गेला. राज्याच्या टोकाला एका पसरट तळ्यावर ती राहत असे. मागच्या थंडीत तिचा जोडीदार गेला होता आणि तेव्हापासून शेजारीपाजारी तिच्याशी जरा जपूनच बोलत. एकटी टिटवी तेवढी पहिल्यासारखी बडबड करी.

"वेणाताई, असं किती दिवस पाण्याकडे बघत उभं राहायचं?" एका सकाळी टिटवी म्हणाली. "जाऊन या की राजवाड्याला. तुमच्या जातीची चित्रं आहेत म्हणे तिथे, भिंतभर."

"ठाऊक आहे," वेणा म्हणाली. "ह्यांना मी कितीदा म्हटलं होतं, चला म्हणून. तर म्हणायचे, आपलीच चित्रं बघायला एवढं लांब कशाला जायचं? त्यापेक्षा तू माझ्याकडे बघ, मी तुझ्याकडे बघतो."

टिटवी हसली. वेणा परत पाण्याकडे बघू लागली.

दुसऱ्या दिवशी वेणा निघाली. आभाळ मोकळं होतं, वारा मागून होता. पण ती वाऱ्याच्या मधोमध उडत नव्हती. जोडीने उडायची सवय पंखांतून गेली नव्हती, म्हणून डावीकडे एका पाखराची जागा सोडून ती उडत होती.

राजवाड्याच्या दारात ही गर्दी होती. होले होते, पोपट होते, लांबून आलेली बदकं होती. जो तो आपल्या माणसांत होता. दाखवायला एक साळुंकी नेमलेली होती. गळा गोड, बोलणं चटपटीत. "आवाज करू नका, भिंतींना पंख लावू नका, आणि माझ्या मागे मागे या," असं म्हणून ती पुढे झाली.

वेणाला वाटलं होतं की आपलं मन लागणार नाही. पण पहिल्याच दालनात तिची मान वर गेली ती खाली येईना. छतावर कोणीतरी अख्खं तळं रंगवलं होतं. निळं पाणी, शिंपल्याच्या तुकड्यांची कमळं, पानांवर पाचूचे बेडूक. जन्मभर जे पायाखाली होतं ते डोक्यावर लखलखत होतं. पुढच्या दालनातली फरशी इतकी गुळगुळीत होती की झुंबरांचा उजेड तिच्यात हलत होता. वेणाने पाण्यात टाकावा तसा एक पाय जपून उचलला, बोटं मिटली, आणि मग पुढे टाकला. टक्क! एवढा मोठा आवाज झाला की सगळे मागे वळले. तिला हसू फुटलं. किती दिवसांनी फुटलं होतं! ते कुणाला तरी दाखवावं म्हणून तिने डावीकडे मान वळवली. तिकडे शिसवी खांब होता, त्यावर सोन्याच्या वेली.

सोन्याचा झोपाळा झाला, मखमलीचे लोड झाले, अत्तराच्या कुप्या झाल्या. साळुंकी एका बंद दारापाशी थांबली आणि तिने आवाज उतरवला.

"आता सारसमहाल. हा बघायलाच लोक येतात. मन घट्ट करा."

दार उघडलं. आतल्या भिंतीवर एका सारसजोडीचा सारा जन्म जडवलेला होता. पहिलं दर्शन, नाच, गवताचं घरटं, त्यात दोन अंडी. पंखांना रुपं, डोक्याला माणकं. प्रत्येक माणकाच्या मागे दिवा लावलेला असावा, अशी ती पेटली होती. वेणा चित्रामागून चित्र बघत चालली. नाचताना मान कुठे कलते, अंड्यांवर बसलेल्याला दुसरा कसा सावली करतो, सगळं खरं होतं. ज्याने केलं त्याने कुठेतरी खूप वेळ उभं राहून बघितलं असणार. हे इथे हवे होते, असं तिला वाटलं. त्यांनी चेष्टा केली असती, पण बघितलं असतं.

शेवटचं चित्र दालनाच्या मध्यभिंतीवर होतं आणि सगळ्यांत मोठं होतं. एक सारस पडलेला. दुसरी त्याच्यावर मान टाकून पडलेली. तिचे डोळे मिटलेले, आणि दोघांवर आभाळातून सोन्याची फुलं.

"सारसांचं प्रेम असं असतं," साळुंकी म्हणाली. "जोडीतला एक गेला की दुसरी अन्न सोडते, पाणी सोडते. ती मागे राहत नाही. आजवर एकही राहिलेली नाही. म्हणून तर राजाने सगळ्या जाती सोडून ह्यांना सोन्यात मढवलं."

गर्दीतून सुस्कारा निघाला. बदकांनी डोळे पुसले.

वेणा चित्राकडे बघत राहिली. तिनेही अन्न सोडलं होतं. पाणीही सोडलं होतं. तिने तेव्हा काही ठरवलं नव्हतं, घास उतरतच नव्हता. मग एका सकाळी एक बेडूक तिच्या पायाशी आला आणि तिच्या चोचीने त्याला उचललं. तिला कळायच्या आत तो पोटात गेला होता. ती रडली, आणि रडून झाल्यावर तिला आणखी भूक लागली. त्या दिवसापासून ती रोज खात होती. आपल्या जातीत असं कधी झाल्याचं तिने ऐकलं नव्हतं. ही गोष्ट तिने टिटवीलाही सांगितली नव्हती.

"आज आपलं नशीब बघा," साळुंकीचं लक्ष आता तिच्याकडे गेलं होतं. "प्रत्यक्ष सारस आपल्यात आहेत! या बाई, पुढे या."

सगळ्यांनी वाट दिली. एका वयस्क होलीने कौतुकाने विचारलं, "आणि तुमचे हे? बाहेर थांबलेत का?"

हो म्हणणं सोपं होतं. कुणी बाहेर जाऊन बघणार नव्हतं. पण त्या भिंतीपुढे उभं राहून त्यांच्याबद्दल खोटं बोलायला वेणाची जीभ उचलेना.

"नाही," ती म्हणाली. "ते मागच्या थंडीत गेले."

सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या सारसीकडे गेले आणि तिथून वेणाकडे आले. परत भिंतीकडे गेले. होली एक पाऊल मागे सरली. मागे कुणीतरी हळूच, पण ऐकू जाईल एवढ्याने म्हणालं, "जीव नसेल फारसा एकमेकांवर."

"चला, पुढे चला, अजून भोजनशाळा राहिली आहे," साळुंकी घाईघाईने म्हणाली. गर्दी गेली. जाताना सगळे वेणाला वळसा घालून गेले.

थोड्या वेळाने तिला कारभाऱ्याचं बोलावणं आलं. कारभारी एक धनेश होता. चोच केवढी थोरली, बोलणं मात्र लोण्यासारखं.

"बसा बाई. तुम्हाला कुणी काही लागेल असं बोललं असेल तर मी क्षमा मागतो."

"नाही, तसं काही नाही."

"आम्ही तुम्हाला जा म्हणत नाही. तुमची काही चूकही नाही. भूक कुणाला सुटली आहे? पण असं बघा, लोक इथे लांबून येतात ते दोन टिपं गाळायला. आज तुम्हाला बघितलं आणि त्यांना रडूच येईना. भोजनशाळेत सगळे गप्प होते. असं झालं तर या राजवाड्याचं काय होईल?"

वेणाने विचारलं, "मग मी काय करू?"

"मागच्या अंगाला आमचं एक तळं आहे," धनेश म्हणाला. "मासळी भरपूर. शिकाऱ्याची भीती नाही. जन्मभर राहा. एकच गोष्ट करायची. कुणी विचारलंच, तर करकोचा म्हणून सांगायचं. अंगाने तुम्ही दोघे सारखेच. लांबून कोण ओळखतं? तेवढं हे लाल डोकं आणि गळा..." तो जरा थांबला. "तिथला काळा चिखल फार चिकट आहे. एकदा वाळला की पक्का बसतो. घरी लिंपायला मी तोच नेतो."

"घरी?"

"आमच्या सौभाग्यवती ढोलीत असतात. ढोलीचं तोंड बाहेरून लिंपून घेतलेलं. फक्त चोच जाईल एवढी फट. मी रोज नेऊन भरवतो." तो समाधानाने म्हणाला, "कसलीही तक्रार नाही हो."

वेणा उठली. आपल्या तळ्याकडे परत जावं, हा विचार तिच्या मनात आला. पण तिथे टिटवी विचारणार होती, कसा होता राजवाडा? चित्रं होती का? आणि आता त्या तळ्यावरच्या प्रत्येक नजरेत तिला ती भिंत दिसणार होती. करकोच्यांत निदान कुणी विचारणार नाही. कुणाच्या तरी शेजारी उभं राहता येईल. तिला तेवढं पुरलं असतं.

ती मागच्या दाराने बाहेर पडली.

तळं मोठं होतं आणि ऊन लख्ख पडलं होतं. पाण्यात ठिकठिकाणी करकोचे उभे होते, पण थव्यासारखे नव्हेत. दोघांच्यामध्ये हाक मारावी लागेल एवढं अंतर, आणि प्रत्येकाची पाठ दुसऱ्याकडे. वेणाने काठावरून विचारलं, "येऊ का?" कुणी मान वळवली नाही. ती उथळ पाण्यात उतरली, चोचीने चिखलाचा गोळा काढून पायावर घेतला, आणि मान वाकवून डोक्याला पहिला लेप दिला. चिखल गार होता. तो डोळ्यापर्यंत ओघळला. तिने डोळा मिटला.

जवळच पाणी खळबळलं. सगळ्यांत अलीकडच्या करकोच्याने मासा धरायला मान घातली होती. मासा खोल गेला असावा. मागोमाग डोकंही बुडालं, गळाही. ते वर आलं तेव्हा चोचीत मासा तडफडत होता आणि डोक्यावरून काळं पाणी निथळत होतं. त्याच्याखाली डोकं लाल होतं. माणकाहून लाल.

वेणाचा पाय तसाच उचललेला राहिला.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही..."

"आम्ही इथले करकोचे आहोत," ती दुसरी घाईने म्हणाली. मासा तिच्या चोचीतून निसटला. तिने पटकन खाली वाकून चिखल उचलला, पण चिखल परत परत पाण्यात पडत होता.

वेणाने तळ्यावर नजर टाकली. उन्हाने सगळ्यांचा लेप वाळून तडकला होता. पलीकडच्या काठाशी, कमळांच्या आड, राजवाड्याच्या भिंतीकडे तोंड करून, जिथे जिथे कुणी उभं होतं, तिथे काळ्या डोक्यावरच्या बारीक भेगांतून लाल रेघा दिसत होत्या.

तिने पायावरचा गोळा सोडून दिला. मान खाली घातली आणि डोकं, गळा, सगळं पाण्याखाली नेलं. श्वास पुरेल तोवर तिथेच ठेवलं. वर आली ती निथळत. मग चालत त्या दुसरीजवळ गेली आणि तिच्या डाव्या अंगाला, पंखाला पंख लागेल इतक्या जवळ, उभी राहिली. दुसरी सरकली नाही. तिच्या चोचीतला चिखल हळूहळू पाण्यात विरघळत होता.