इवलीला आई दिसेना

एक होती शाळा. शाळेत होती संगणकांची खोली. तिथे राहायची इवली. इवली म्हणजे उंदराचं एवढंस्सं पिल्लू.

एकदा काय झालं, इवलीची आई झोपली पुस्तकांच्या गठ्ठ्यात. गठ्ठा गेला दुसऱ्या शाळेत. आईपण गेली. अरेरे!

तिथल्या शालनबाईंनी आईचा फोटो पाठवला. पडद्यावर आले कान. नुसतेच कान! मग फिरतं चाक, गोल गोल गोल. पुढे काही येईना.

इवली रडली, चूं चूं चूं.

"पडदेदादा, पडदेदादा, आई दाखव ना!"

"तार आणेल, तर मी दाखवेन."

इवली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"तारताई, तारताई, फोटो आण ना! पडदा दाखवेना, आई दिसेना!"

"पेटी सोडेल, तर मी आणेन."

तुरुतुरु तुरुतुरु. भिंतीवर होती इंटरनेटची पेटी. तिचे दिवे लुक लुक.

"पेटीबाई, पेटीबाई, फोटो सोड ना! तार आणेना, पडदा दाखवेना, आई दिसेना!"

"थोरला संगणक देईल, तर मी सोडेन."

थोरला बसला होता कोपऱ्यात. सगळ्यांचे फोटो त्याच्याच पोटात. हुश्श हुश्श करत होता.

"थोरले काका, थोरले काका, फोटो द्या ना! पेटी सोडेना, तार आणेना, पडदा दाखवेना, आई दिसेना!"

"फार उकडतंय गं बाई. काही सुचत नाही. माझा पंखा फिरेल, तर मी देईन."

"पंखेदादा, पंखेदादा, फिर ना! थोरला देईना, पेटी सोडेना, तार आणेना, पडदा दाखवेना, आई दिसेना!"

"पात्यांत अडकलंय जाळं. आठ पायांची कोळीण काढेल, तर मी फिरेन."

"कोळीणमावशी, कोळीणमावशी, जाळं काढ ना! पंखा फिरेना, थोरला देईना, पेटी सोडेना, तार आणेना, पडदा दाखवेना, आई दिसेना!"

कोळीण म्हणाली, "काढेन गं. पण मग मी राहू कुठे?"

आता इवली कोणाकडे जाणार? शेपटी कुशीत घेऊन बसली.

"नको मावशी. राहू दे तुझं घर."

कोळणीने तिच्याकडे पाहिलं.

"माझी पिल्लं गेली वाऱ्यावर उडून. त्यांचा तर फोटोही नाही गं."

मग सर्र सर्र, सर्र सर्र. कोळणीने आपणच जाळं गुंडाळलं.

पंखा फिरला, भिर्र भिर्र! थोरल्याने दिला, पेटीने सोडला, तारेने आणला, पडद्याने दाखवला, आणि आई दिसली! डोळे दिसले, मिशा दिसल्या. सगळी सगळी आई दिसली!

इवली हसली. मग मागे वळली. कोळीण बसली होती जमिनीवर, एकटीच. इवलीचं हसू गेलं.

"मावशी, माझ्यामुळे तुझं घर गेलं गं."

"गेलं खरं," कोळीण म्हणाली. "बघू तरी तुझी आई."

इवली जराशी सरकली. कोळीण शेजारी बसली. दोघी बघत राहिल्या.

एवढीशी जागा, दोघींना पुरली,
आमची गोष्ट इथेच सरली.